नखाची बुरशी: आधी स्लाइड, मग गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सोलापूरला राहतो. वडील ५८ वर्षांचे, यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, बीपीचीही गोळी चालू आहे. दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं पिवळी आणि जाड झालीत, डाव्याचं जास्त. मेडिकलमधून आणलेली ट्यूब तीन महिने लावली, काडीचाही फरक नाही. एक जण म्हणतो गोळ्या सुरू करा, दुसरा म्हणतो त्या गोळ्यांनी लिव्हर जातं, तिसरा म्हणतो नखच काढून टाका. काय करावं?"

तिघांपैकी कुणाचंही इतक्यात ऐकू नका. त्या नखात बुरशी आहे की नाही हेच अजून कुणी बघितलेलं नाही. जाड, पिवळी, वेडीवाकडी झालेली नखं घेऊन जे लोक येतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांनाच बुरशी असते. बाकीच्यांना सोरायसिस निघतो, बुटाचा दाब निघतो, कधीकाळी नखावर पडलेल्या वजनाचा मार निघतो, नाहीतर नुसतं वय. हे सगळं वरवर बघता सारखंच दिसतं. त्वचारोगाची प्रॅक्टिस करणाऱ्यालाही नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. मग काउंटरपलीकडून ट्यूब देणाऱ्याला कसं कळणार?

तरी अंदाज बांधायला काही खुणा आहेत, त्या वडिलांच्या पायावर बघा. बुरशी बहुतेक वेळा नखाच्या पुढच्या टोकाकडून किंवा कडेने शिरते आणि मुळाकडे सरकत जाते. पिवळसर-पांढरा पट्टा टोकाला रुंद आणि आत निमुळता होत गेलेला दिसतो. नखाखाली खडूच्या भुकटीसारखा भुसा साठतो, तो काडीने निघतो आणि त्याला एक कुबट वास असतो. त्यासोबत बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळीजवळ, पांढरी भिजल्यासारखी कातडी म्हणजे चिखल्या असतील, किंवा तळवा कोरडा पडून पीठ भुरभुरल्यासारखा दिसत असेल, तर बुरशीची शक्यता बरीच वाढते. उलट नखावर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, डोक्यात जाड कोंडा किंवा कोपरा-गुडघ्यावर खवल्यांचे चट्टे असतील, तर मी आधी सोरायसिसचा विचार करीन. हातापायांची वीसच्या वीस नखं एकदम बिघडली असतील तर ती बुरशी असण्याची शक्यता फार कमी. आणि नखात मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी रेघ नव्याने आली असेल, ती रुंद होत असेल किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला असेल, तर ते प्रकरणच वेगळं. तो क्वचित नखाखालचा कॅन्सर असू शकतो. तिथे बुरशीची ट्यूब लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आता तपासणी. ही अगदी साधी आहे, महाग नाही, आणि आपल्याकडे सिव्हिलच्या त्वचारोग विभागातही होऊ शकते. नख स्पिरिटने पुसायचं, पुढचं मोकळं टोक कापून फेकून द्यायचं. लोक नेमकं तेच टोक पुडीत बांधून आणतात, पण तिथली बुरशी बरेचदा मेलेली असते आणि बाहेरची धूळ-माती जास्त. खरा नमुना मिळतो तो आत, जिथे चांगलं नख संपून खराब सुरू होतं त्या सीमेजवळ. नखाखालून बारीक चमच्याने तिथला भुसा खरवडून काळ्या कागदावर घेतात. काळ्यावर तो पांढरा भुसा नीट दिसतो आणि सांडत नाही. मग स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकतात. त्यात नखाचे कण विरघळतात, बुरशीचे धागे मात्र शाबूत राहतात. कातडीचा नमुना थोड्या वेळात तयार होतो. नख टणक, त्याला काही तास लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले धागे दिसले की बुरशी ठरली. कोणत्या जातीची ते कल्चरवरून, म्हणजे नमुन्यातली बुरशी बरणीत वाढवून बघितल्यावर कळतं, त्याला चार आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. कापलेल्या नखाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवून, पीएएस नावाचा रंग चढवून तपासून घेता येतं. शंका राहिलीच तर मला ते सर्वांत उपयोगी वाटतं.

दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवा. स्लाइड एकदा निगेटिव्ह आली म्हणून बुरशी नाहीच असं होत नाही. लक्षणं तशी असतील तर पुन्हा नमुना घ्यावा. आणि तीन महिने ट्यूब लावली आहे, ती कल्चरच्या आधी दोन-तीन आठवडे तरी बंद करा, नाहीतर आत बुरशी असूनही बरणीत काही उगवत नाही.

त्या ट्यूबबद्दलही बोललं पाहिजे. तिच्यावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण घरी गेल्यावर बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र कालवलेल्या या ट्यूबांनी आपल्या देशात गजकर्णाचं वाटोळं केलंय. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणूस खूश होतो, आणि बुरशी आत पसरत राहते. तशी ट्यूब असेल तर आजच बंद करा. आणि ती निव्वळ बुरशीची असली तरी नखावर तिचा उपयोग होणार नव्हताच. कातडीचं क्रीम नखाच्या पत्र्यातून खाली उतरत नाही. बुरशी नखाच्या खाली बसलेली, औषध वर. चिखल्यांवर आणि तळव्यावर मात्र तेच क्रीम उत्तम काम करतं, म्हणून ते फेकू नका.

इथले लोक हमखास विचारतात, सोलापूरची हवा इतकी कोरडी, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, मग पायात बुरशी येते कुठून? बुरशीला गावाच्या हवेशी काही देणंघेणं नाही, तिला बुटाच्या आतली हवा पुरते. एमआयडीसीतला कामगार, रेल्वेतला माणूस, पोलीस, सिक्युरिटी गार्ड, सगळे आठ-दहा तास बंद बुटात, त्यात नायलॉनचे मोजे, बाहेर रणरणतं ऊन. आत पाय घामाने अक्षरशः शिजतो. डाईंगमध्ये काम करणाऱ्यांचे पाय तर ओल्या फरशीवरच असतात. सुती सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्येही दमटपणा लागतो. तुमचे वडील तिथे अनवाणी असतात, चपलेत असतात की बुटात, हे मला सांगा. उपचारात त्याने फरक पडतो. अनवाणी चालणाऱ्याच्या नखाला सारखी ठेच लागते, आणि मार बसून सैल झालेल्या नखाखाली बुरशी आरामात शिरते. वारीहून किंवा गड्ड्याच्या यात्रेहून आल्यावर पाय दुखतात म्हणून सगळे तेल चोळतात, पण बोटांच्या बेचक्यात कुणी डोकावत नाही.

या नखाच्या बुरशीचं नाव बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम असतं. ती केराटिनवर, म्हणजे कातडीची वरची पापुद्री, केस, नख यांवर जगते. म्हणून ती रक्तात उतरून आतड्या-फुप्फुसात जाईल अशी धास्ती बाळगू नका, तसं होत नाही. पण ती घरात फिरते. बाथरूमची ओली फरशी, एकच नेलकटर, एकमेकांच्या चपला, एवढं तिला पुरतं.

मग ज्याला पन्नाशीनंतर फक्त दिसायला वाईट नख आहे, दुखत नाही, बाकी आजार नाही, त्याने उपचार घेतलेच पाहिजेत का? नाही. हे मी रुग्णांना स्पष्ट सांगतो आणि काहींना ते आवडत नाही. जाड नख वेळच्या वेळी कापून, पाय कोरडे ठेवून आयुष्य काढणारे कितीतरी लोक आहेत. पण तुमच्या वडिलांचं उत्तर वेगळं आहे, कारण त्यांना शुगर आहे.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होत जाते. जाड झालेलं नख बुटात खाली दाबलं जातं आणि नखाखालच्या नाजूक मांसाला टोचत राहतं, चपलेत अडकलेल्या खड्यासारखं. तुम्हा-आम्हाला तो खडा लगेच कळतो, त्यांना कळत नाही. नखाखाली जखम होते, तिच्यात जंतू शिरतात. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या फुटल्या की तिथूनही धावरे सुरू होतात: पाय लाल, गरम, सुजलेला, अंगात ताप. शुगर जास्त असेल तर तिथून गँगरीनपर्यंत जायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून मधुमेही माणसाच्या नखातली बुरशी सिद्ध झाली तर मी उपचार देतोच. आणि नखाआधी पाय तपासतो. घोट्याखाली नाडी लागते का, तळव्याला नायलॉनचा तो बारीक तंतू टेकवला की कळतो का, भेगा आहेत का, कुरूप आहे का. हे तुमच्या डॉक्टरांनी केलं नसेल तर करून घ्या. नखापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आता गोळ्या. लिव्हर जातं ही भीती पूर्ण खोटी नाही, पण फार फुगवलेली आहे. टर्बिनाफिन हे यातलं पहिल्या पसंतीचं औषध. मोठ्या माणसाला २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, हातांच्या नखांसाठी ६ आठवडे, पायांच्या नखांसाठी १२ आठवडे. त्याने लिव्हरला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ, साधारण लाखात एखाद्याला. ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे किंवा जो रोज दारू घेतो त्याला मी देत नाही. इतरांची सुरुवातीला रक्ततपासणी करून घेतो, वय झालं असेल किंवा बाकी गोळ्या चालू असतील तर मधे पुन्हा एकदा. शुगरच्या माणसाची किडनीही बघावी लागते, कारण किडनीचं काम बरंच कमी झालं असेल तर हे औषध टाळतात. जेवणाची चव गेली, मळमळ थांबत नाही, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी तिथेच बंद करून डॉक्टरांकडे जायचं. चव जाण्याचा त्रास काहींना खरोखर होतो, आणि ती परत यायला काही आठवडे लागू शकतात.

दुसरं औषध इट्राकोनॅझोल. ते महिन्यातून एक आठवडा, सकाळ-संध्याकाळ २०० मिलिग्रॅम, असंही देतात. पायांसाठी अशा तीन फेऱ्या. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या अंगी ती नीट लागतच नाही, कारण तिला पोटातलं आम्ल हवं असतं. हृदय कमजोर असेल, पंपिंग कमी असेल तर ती द्यायची नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबरही ती चालत नाही. फ्लुकोनॅझोल आठवड्याला एक असं सहा महिने ते वर्षभर देता येतं. पण ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीबरोबर घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. टर्बिनाफिन मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळीचा असर वाढवतं, नाडी फार मंदावू शकते. म्हणूनच, "शेजाऱ्याला अमुक गोळीने बरं वाटलं" यावर जाऊ नका. वडिलांच्या चालू गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नावं तोंडी सांगू नका, "पांढरी, बारीक, सकाळची" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

गोळ्या नको असतील किंवा चालत नसतील तर नखावर नेलपॉलिशसारखं लावायचं औषध, म्हणजे लॅकर मिळतं. अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एकदा-दोनदा, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. ते वर्षभर लावायची तयारी हवी. नखाचा पुढचा थोडाच भाग बिघडला असेल आणि मुळाकडचा भाग साफ असेल तरच निव्वळ लॅकरवर मी भरवसा ठेवतो. जाड नखावर ते आधी घासून किंवा ४० टक्के युरियाच्या मलमाने मऊ करून लावलं तर खाली पोचतं.

आणि नख काढून टाकणं? नुसतं उपटून बुरशी जात नाही. मुळाकडे राहिलेली बुरशी नव्या नखात पुन्हा शिरते, वर नखाची बैठक आक्रसते ती वेगळीच. शुगर असलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या अंगठ्यावर ती जखम भरायला महिने लागू शकतात. वडिलांसाठी माझं उत्तर सरळ "नको" असंच आहे. फार जाड भाग कमी करायचाच असेल तर युरियाच्या मलमाने, रक्त न काढता करता येतो. लेझरची जाहिरात बघून पैसे घालणार असाल तर थांबा. गोळ्यांइतका भक्कम पुरावा त्यामागे अजून नाही.

घरगुती उपायांत लिंबू, खोबरेल, हळद यांनी फारसं नुकसान होत नाही, फायदाही होत नाही, फक्त हळदीने नख आणखी पिवळं दिसतं आणि आम्ही गोंधळतो. मेंदी लावून येऊ नका, तेच कारण. बिब्बा मात्र अजिबात नको. भेगांवर, कुरुपावर बिब्बा घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात, आणि संवेदना गेलेल्या पायाला ते भाजणं कळतही नाही.

सगळ्यांत जास्त उपचार फसतात ते घाईमुळे. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने. उतारवयात त्याहून जास्त. खराब झालेलं नख दुरुस्त होत नसतं. ते पुढे सरकत जातं आणि आपण कापत जातो. बारा आठवडे गोळ्या घेऊन माणूस नखाच्या टोकाकडे बघतो आणि म्हणतो, जसंच्या तसं आहे. टोकाकडे बघायचंच नाही, मुळाकडे बघायचं. मी उपचार सुरू करताना चांगल्या आणि खराब भागाच्या सीमेवर नखाला उथळ आडवी खूण करून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी खूण पुढे सरकलेली असते. खुणेच्या मागे नवं नख गुलाबी, पातळ आलं असेल तर औषध काम करतंय. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे गेला असेल तर औषध बदलायचं किंवा निदानच पुन्हा तपासायचं. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आपल्या देशात गजकर्णात बरीच दिसू लागली आहे, म्हणून अशा वेळी कल्चर करून घेतलेलं बरं. शुगरच्या माणसाने ही खूण घरी ब्लेडने करायची नाही. दर महिन्याला एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढा, तेवढं पुरे.

आणि अपेक्षा खरी ठेवा. टर्बिनाफिनचा कोर्स नीट केला तर दहांतल्या साधारण सात जणांची बुरशी जाते. पण नख पूर्वीसारखं नितळ दिसायला लागणं निम्म्याहून कमी जणांच्या वाट्याला येतं, कारण जुन्या माराने बिघडलेली नखाची बैठक गोळीने सुधारत नाही. बरं झालेल्यांतही पुष्कळांना काही वर्षांत ती पुन्हा होते. ती बहुधा बुटातून किंवा बेचक्यांतल्या चिखल्यांतून परत येते. म्हणून नखासोबत कातडीचाही उपचार व्हायला हवा. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरायचे, न वापरलेला जोड दिवसभर उन्हात. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे आणि भरपूर आहे. मोजे सुती, रोज धुतलेले. आंघोळीनंतर बेचक्या वेगळ्या फडक्याने टिपायच्या. नेलकटर त्यांचं वेगळं. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत.

घरातल्या बायकांच्या हातांच्या नखांबद्दलही दोन शब्द, कारण ती तक्रार मी तितकीच ऐकतो आणि तिचा उपचार वेगळा आहे. काही दिवसांआड नळाला पाणी येतं त्या दिवशी हौद, पिंप भरायचे, साठलेले कपडे, भांडी, सगळं एकाच दिवशी; हात सकाळपासून पाण्यात आणि साबणात. विडीकामात भिजवलेली पानं हाताळणं असतं. नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ झालर त्याने उसवते, तिथे फट पडते, पाणी आत जातं, कड सुजून लाल होते. वर्षानुवर्षं टिकणारं असं नखुरडं बुरशीच्या गोळ्यांनी बरं होत नाही. कँडिडा तिथे सापडते खरी, पण ती नंतर येऊन बसलेली असते. मूळ दुखणं पाणी आणि साबण. आत सुती आणि वर रबरी हातमोजे, काम झालं की हात कोरडे, रात्री कडेला व्हॅसलिन, गरज लागली तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम थोडे दिवस. नखाच्या कडेची ती झालर ब्यूटी पार्लरमध्ये मागे ढकलून किंवा कापून घेऊ नका. नख हिरवट दिसायला लागलं तर ते बहुधा सुडोमोनास नावाचे जंतू असतात, त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही.

तर वडिलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. जाण्याआधी आठ-दहा दिवस नख कापू नका, नमुना मिळाला पाहिजे. सोबत चालू गोळ्यांची पिशवी, शेवटची शुगर, किडनी आणि लिव्हरचा रिपोर्ट असेल तर तो, आणि पायात रोजचीच चप्पल किंवा बूट. तपासणीला जायचं म्हणून नवे घालून नेऊ नका. ही भेट आठवड्या-दोन आठवड्यांत झाली तरी चालेल. पण त्याआधी अंगठा लाल होऊन सुजला, नखाखालून पू किंवा रक्त आलं, बोट काळपट दिसलं, किंवा पाय गरम होऊन ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, सर्जन असलेल्या दवाखान्यात दाखवा आणि शुगर आहे हे दारातच सांगा.